चालवा, मुले खेळत आहेत

मी एक जुनी पाटी आहे. शाळेतल्या दगडी पाटीशी माझे नाते नाही, दुकानांवरच्या दिव्यांच्या पाट्यांशी तर मुळीच नाही. मी रस्त्यावरची पाटी. दुतर्फा झाडे असलेल्या एका गल्लीत, रस्ता जिथे उजवीकडे वळतो तिथे, लोखंडी खांबावर उभी आहे. पिवळा रंग, काळी अक्षरे, एका कोपऱ्याला थोडा गंज. अंगावर तीन ओळी आहेत. सगळ्यात वर एकटाच मोठा शब्द, 'हळू'. त्याखाली 'चालवा'. आणि तळाशी जरा दाटीवाटीने, 'मुले खेळत आहेत'. मित्रांनो, एवढेच माझे शिक्षण. पण तेवढ्यावर मी बावीस वर्षे नोकरी केली आणि एकही रजा घेतली नाही, हे मी छाती फुगवून सांगते. पत्र्याला छाती नसते, हा भाग वेगळा.

माझा जन्म एका कपाटाच्या दारातून झाला. कपाट मोडीत निघाले आणि दार पेंटरच्या हाती लागले. त्याचे दुकान म्हणजे एक लांबट खोली होती. भिंतींना टेकून अर्धवट रंगवलेल्या पाट्या उभ्या असत आणि जमिनीवर रंगाचे इतके थर होते की मूळ फरशी कोणत्या रंगाची हे त्यालाही आठवत नव्हते. एक ब्रश हातात, दुसरा दातांत धरून तो स्वतःशीच बोलायचा.

"महत्त्वाचं असेल ते वर," तो म्हणाला. "गाडीवाल्याला पहिला शब्द वाचायला वेळ असतो. शेवटचा वाचेपर्यंत तो पुढे गेलेला असतो."

म्हणून त्याने 'हळू' वर काढला, चांगला वीतभर उंच. त्यातल्या 'ळ'वर तर त्याने अर्धी सकाळ घालवली. वरून आखूड दांडी, मग दोन्ही पोटे सारखी गोल, मध्ये नेमका सांधा. ते सगळे इतके ऐसपैस झाले की तिसऱ्या ओळीला जागाच उरली नाही. पेंटरने मान तिरकी करून पाहिले आणि म्हणाला, "बसतील दाटीवाटीने. मुलंच तर आहेत."

ज्या दिवशी मला या वळणावर उभे केले, त्याच दिवशी समोरच्या घरातला एक मध्यमवयीन माणूस हातात रोप घेऊन आला. माझ्या खांबाच्या दोन हात पुढे, ज्या बाजूने गाड्या येतात त्याच बाजूला, त्याने ते लावले. मला पुरणाऱ्या कामगारांचे लक्ष खड्ड्याकडे होते आणि त्याचे रोपाकडे. पुढे काय होईल याचा विचार कुणीच केला नाही. मीही नाही. रोप माझ्या गुडघ्याएवढे होते, म्हणजे मला गुडघा असता तर. तो माणूस किटलीने त्याला पाणी घालायचा आणि जाता जाता माझ्या खांबावर थाप मारायचा. रोप आणि मी एका वयाचे, एवढेच मला तेव्हा समजले आणि बरे वाटले.

आता माझ्या गल्लीविषयी सांगते. अशी गल्ली शोधून सापडायची नाही! घरे दोन मजल्यांची, कुंपणे बुटकी, फाटके सगळी करकरणारी, आणि प्रत्येकाची करकर वेगळी. डोळे मिटूनही सांगता येते की कोण बाहेर पडले. सकाळी प्रत्येक पायरीवर एक तरी बूट दुसऱ्याला शोधत असतो. अकराच्या सुमाराला बाबागाड्या निघतात. दुपारी सगळीकडे अशी शांतता असते की पान पडले तरी ऐकू येते. आणि चारनंतर रस्ता मुलांचा. खडूच्या रेघा, चेंडू, चाकांचे बूट, भांडणे, समेट. लांबून गाडी दिसली की कुणीतरी "गाडीऽ" म्हणून ओरडते, सगळे कडेला होतात, आणि गाडी गेली की पुन्हा मध्ये येतात. घर बघायला येणाऱ्यांना दलाल माझ्या खाली उभे करतो आणि म्हणतो, "शांत, हिरवी, लेकुरवाळी गल्ली आहे, साहेब." लेकुरवाळी म्हणताना तो बोट माझ्याकडे करतो. मी म्हणजे गल्लीचा दाखलाच.

पानगळीच्या दिवसांत मात्र इथे शीतयुद्ध चालते. जो तो आपल्या दारातली पाने झाडून शेजाऱ्याच्या दारात लोटतो आणि आपण त्या गावचेच नाही असा चेहरा करतो. मग वारा सुटतो आणि न्यायनिवाडा करून टाकतो. पळसाला पाने तीनच म्हणतात, पण आमच्या गल्लीत ती मोजायची हिंमत कुणी करू नये.

मित्रांनो, या गल्लीतली निम्मी मुले माझ्याकडे बघून वाचायला शिकली आहेत. आईच्या कडेवर बसून पहिले अक्षर 'ह' आणि त्यानंतर माझा तो प्रसिद्ध 'ळ'. पुढे त्यांनी या 'ळ'चे काय केले ते ऐका. एका पोराने खडूने रस्त्यावर भला मोठा 'ळ' काढला, माझ्याकडे बघून बघून, दोन्ही पोटांसकट. मग त्यावरून सायकल न्यायची पैज लागली. दांडीवरून निघायचे, एका पोटाला वळसा, मधून दुसऱ्या पोटाला वळसा आणि पाय जमिनीला न टेकवता बाहेर. तेव्हापासून गल्लीचा कायदाच झाला. ज्याने 'ळ' काढला, त्याला वळणापलीकडच्या मैदानापर्यंत एकट्याने सायकल न्यायची परवानगी. मोठ्या माणसांनाही हा कायदा मान्य आहे. कुणाला नवा फोन वापरता येत नसेल, तर त्याची नात म्हणते, "आजोबांना अजून ळ आला नाही." बावीस वर्षांत कितीतरी मुले 'ळ' काढून माझ्यासमोरून सुसाट गेली. परत येताना त्यांचे चेहरे बघावेत.

ही माझी उमेदीची वर्षे. पण कौतुकाला ओहोटी लागतेच. हळूहळू मला कुणी वाचेनासे झाले. भांडण काही नव्हते, मी सगळ्यांना तोंडपाठ झाले होते एवढेच. अतिपरिचयात अवज्ञा म्हणतात ना, तसे. माझ्या खांबावर 'मांजर हरवले आहे' चिकटले, त्यावर 'खोली भाड्याने देणे आहे' चिकटले, त्यावर पुन्हा तेच मांजर. माझ्या खांबाला सायकली बांधल्या गेल्या. कुत्र्यांनी त्याच खांबाला जे काही दिले, त्याबद्दल न बोललेले बरे.

ते रोप मात्र झाड झाले. आणि त्याला लावणारा तो माणूस म्हातारा झाला. गल्ली त्याला झाडकाका म्हणते. झाडकाका झाडाचे वाळके पान काढतानाही आधी झाडाची परवानगी घेतात, असे लोक गमतीने म्हणतात. त्याला कारण होते. काही वर्षांपूर्वी सरकारी माणसे यंत्र घेऊन आली आणि तारांना लागतात म्हणून पलीकडची सगळी रांग त्यांनी खोडापर्यंत बोडकी केली. दोन उन्हाळे तिथे सावली नव्हती. तेव्हापासून झाडकाकांनी प्रत्येक खोडाला पुठ्ठा बांधला आहे, 'झाडाला हात लावू नये'. आणि खरोखर, कुणीही लावत नाही.

त्याच झाडाची एक फांदी माझ्या डोक्यावरून पुढे झुकली. तुमच्यापाशी खोटे बोलत नाही, मला ती फार आवडली. उन्हात पहिली काही वर्षे काढल्यावर कपाळाला सावली मिळाली. पाने माझ्यासमोर हलत आणि मला वाटे, आपल्याला तुरा लावला आहे. पाटीला स्वतःला वाचता येत नाही, मित्रांनो. आपण समोरून कशा दिसतो हे तिला कुणी सांगितले तरच कळते. आणि मला सांगायला कुणी थांबत नव्हते.

अशात या वर्षी वळणापासून तिसऱ्या घरात नवे कुटुंब आले. वडील बेकरीत कामाला, पहाटे जातात आणि दुपारी येऊन झोपतात. आई घरीच कपडे शिवते आणि तिचे शिवणयंत्र दिवसभर चालू असते. आणि आठ वर्षांची मुलगी. आईच्या डब्यातली बटणे खिशात भरून फिरते म्हणून मुलांनी दुसऱ्याच दिवशी तिचे नाव बटण ठेवले. बटणला ऐकू येत नाही, जन्मापासूनच. आई तिच्याशी हातांनी बोलते, आणि हातांबरोबर तोंडानेही बोलते, म्हणून मला कळते.

घर बघायला आली तेव्हा ही आई माझ्याखाली बराच वेळ उभी होती. आधीच्या घराबाहेर मोठा रस्ता होता आणि बटणने सायकल फक्त गच्चीवर फिरवली होती. आईने मान वर करून मला वाचले. नंतर नवऱ्याला म्हणाली, "इथेच राहू या. इथे लोक पाटी लावतात म्हणजे बघून चालवत असतील. तिला मागची गाडी ऐकू नाही आली तरी गाडीवाल्याला ती दिसेल." तिने माझ्या भरवशावर घर घेतले, मित्रांनो. मला अभिमान वाटला. वाटणारच.

बटणला 'ळ' यायला सात आठवडे लागले. ती पहिल्या पोटात पडली, दुसऱ्या पोटात पडली, एकदा तर दांडीवरच पडली. मुलांनी टाळ्या वाजवायच्या सोडून दोन्ही हात वर करून हलवायला सुरुवात केली, कारण टाळ्या तिला ऐकू येत नव्हत्या. शेवटी एका शनिवारी तिने पाय न टेकवता 'ळ' पुरा केला आणि वीसएक हात हवेत हलले. आई फाटकात उभी होती. बटणने तिच्याकडे बघून वळणाकडे बोट केले. आईने आधी वळणाकडे पाहिले. मग म्हणाली, "उद्या. उद्या एकटी जा."

दुसऱ्या दिवशी चार वाजता बटण निघाली. ती माझ्यापासून पंधरा पावलांवर आली असेल, तेवढ्यात तिच्या मागून सामान पोहोचवणारी एक गाडी आली, वेगात. हॉर्न वाजला. बटण तशीच मध्ये. पुन्हा हॉर्न, मग ब्रेकची किंकाळी. गाडीने मागच्या चाकाला धक्का दिला आणि बटण कडेच्या पानांच्या ढिगात उडाली. तो ढीग कुणी कुणाच्या दारात लोटलेला होता देव जाणे, पण त्या दिवशी तो कामी आला. कोपर सोलले, चाक वाकले, एवढ्यावर निभावले.

सगळी गल्ली धावली. गाडीवाला दार उघडे टाकूनच खाली उतरला.

"दोनदा हॉर्न दिला हो. पोरगी हललीच नाही."

"तिला ऐकू येत नाही," आई म्हणाली. ती बटणला छातीशी धरून पानांतच बसली होती.

गाडीवाल्याने डोक्याला हात लावला. तेवढ्यात झाडकाका पुढे आले. "पण तुम्हाला दिसतं ना? एवढी मोठी पाटी आहे!"

"पाटी वाचली की! लिहिलंय, 'चालवा, मुले खेळत आहेत'. मला वाटलं, मुलं तिकडे मैदानात खेळतायत, म्हणून रस्ता मोकळा आहे, चालवा."

सगळे एकदम त्याच्यावर तुटून पडले. असे कुठे कुणी लिहिते का? उचलली जीभ लावली टाळ्याला! झाडकाकांनी त्याला दंडाला धरून माझ्या खांबापाशी आणले. "वर बघा. ह, ळू. सगळ्यात मोठं अक्षर तेच आहे. डोळे तपासून घ्या आधी."

गाडीवाल्याने खालून वर पाहिले. फांदी आणि मी यांच्या मधल्या फटीतून त्याला 'हळू' स्पष्ट दिसले. आपलेच चुकले असे त्याला वाटले असावे. मान खाली घालून त्याने बटणच्या आईची माफी मागितली आणि गाडी ढकलल्यासारखी चालवत निघून गेला.

पण मी त्याचे शब्द ऐकले होते. माझ्याच अंगावरचे शब्द, पहिला सोडून. लांबून येणाऱ्याला मी काय सांगत होते ते तेव्हा मला पहिल्यांदा कळले. चालवा, मुले खेळत आहेत. मला लाज वाटली. ज्याला मी तुरा समजून मिरवत होते, त्याने माझे तोंड झाकले होते. खरे बोलणारा माणूस खोटा ठरून गेला, आणि मला तोंड असून सांगता येत नव्हते.

चाक बटणच्या वडिलांनी सरळ केले. पण आईने सायकल खिडकीच्या गजाला साखळीने बांधली आणि कुलपाची किल्ली बटणांच्या डब्यात तळाशी टाकली. मुले चार वाजता हाका मारायला येत, म्हणजे दारात येऊन हात हलवत, आणि बटण नुसती मान हलवी. तिसऱ्या दिवशी आई नवऱ्याला म्हणाली, "महिनाअखेरीला दुसरं घर बघू."

"अगं, आत्ताच तर आलो."

"कशासाठी आलो? तिला सायकल काढता यावी म्हणून. जिथे कुलूप लावूनच ठेवायची, ती गल्ली हिरवी असली काय आणि पिवळी असली काय!"

शिवणयंत्र पुन्हा सुरू झाले, नेहमीपेक्षा जोरात.

बटण रोज पायरीवर बसून चित्र काढायची. चौथ्या दिवशी तिने मला काढले. आधी झाड, मग फांदी, फांदीची पाने एकेक करून, आणि त्याखाली पिवळी पाटी. आईने कपड्याची घडी घालता घालता चित्र पाहिले.

"छान. पण 'हळू' राहिलं की गं."

बटणने मान हलवली. नाही राहिलं.

"अगं, वर 'हळू' असतं. मी स्वतः वाचलंय." आईने हातांनी पुन्हा सांगितले.

बटणने पेन्सिल ठेवली, आईचा पदर धरला आणि तिला खाली ओढून पायरीवर बसवले. आपल्या शेजारी, आपल्या उंचीवर. मग माझ्याकडे बोट केले. जिला मी तोंडपाठ नव्हते, अशी गल्लीत ती एकटीच होती. तिने जे दिसले ते काढले होते.

आईने माझ्याकडे पाहिले. तिचे ओठ हलले. पहिल्यांदा एकदा, मग पुन्हा. आणि तिने हात तोंडावर ठेवला.

झाडकाका तेव्हा आपल्या फाटकात उभे होते. आई सरळ त्यांच्याकडे गेली. "काका, तो माणूस खरं बोलत होता. फांदीमुळे 'हळू' दिसत नाही."

"दिसत नाही कसं? मी रोज पाटीखालून जातो."

"खालून जाता. समोरून बघा."

"म्हणजे फांदी तोडायची आहे, असं सरळ सांगा ना." काकांचा आवाज चढला. "आज फांदी, उद्या झाड. त्या रांगेचं काय झालं ते तुम्ही पाहिलं नाही. मी पाहिलंय. मी असेपर्यंत या गल्लीत एका पानाला कुणी हात लावणार नाही."

मला वाटले, संपले. पण आई वाद घालायला आलीच नव्हती. ती घरात गेली आणि शिवणयंत्राचे स्टूल घेऊन बाहेर आली. ते तिने रस्त्याच्या मधोमध ठेवले, माझ्यापासून चाळीस पावलांवर.

"बसा, काका."

"रस्त्यात?"

"गाडीवाला उभा राहून गाडी चालवत नाही."

बाबागाडी ढकलत निघालेली एक बाई थांबून बघू लागली. दोन मुले आली. झाडकाकांना आता मागे फिरणे अवघड झाले. ते कपाळाला आठ्या घालून स्टुलावर बसले, चष्मा पुसला, चढवला आणि माझ्याकडे पाहिले.

"चा... ल... वा," ते म्हणाले.

ते उठले, तरातरा माझ्यापाशी आले, खालून वर पाहिले. 'हळू' होते. परत जाऊन स्टुलावर बसले. 'हळू' नव्हते. असे त्यांनी तीनदा केले. मुले हसायला लागली होती, पण काकांचा चेहरा बघून गप्प झाली.

"त्या माणसाला मी डोळे तपासून घ्या म्हणालो," झाडकाका म्हणाले, "बावीस वर्षं मी या पाटीखालून जातोय." मग त्यांनी बटणकडे पाहिले. ती पायरीवर चित्र घेऊन बसली होती, कोपराला पट्टी होती. काका उठून घरात गेले.

बाहेर आले तेव्हा त्यांच्या हातात जुन्या टॉवेलात गुंडाळलेली छोटी करवत होती. गंजलेलीच होती, कारण कित्येक वर्षांत ती कामाला लागली नव्हती. बटणचे वडील झोपेतून उठून आले आणि त्यांनी स्टूल झाडाखाली आणून धरले. काकांनी खोडावर हात ठेवला आणि हळू आवाजात म्हणाले, "माफ कर रे बाबा. लावलं तेव्हा मीच नीट बघितलं नाही." मग फांदी कापली. अंगठ्याएवढी जाड फांदी होती, मित्रांनो. एवढ्याशा फांदीसाठी एक पोर पानांच्या ढिगात पडली होती आणि एक घर उठायला निघाले होते. कापलेल्या जागी काकांनी ओली माती लावली. आणि खोडावरच्या पुठ्ठ्यावर, 'झाडाला हात लावू नये' याच्या खाली, पेनाने बारीक अक्षरांत लिहिले, 'पाटीपुढची पाने सोडून'.

फांदी खाली आली आणि सगळे माझ्याकडे बघत राहिले. बाकीची अक्षरे उन्हाने विटली होती, पण सावलीत राहिलेला 'हळू' तेवढा गडद होता. बाबागाडीवाली बाई म्हणाली, "आत्ता रंगवल्यासारखा दिसतोय." मला आतून भरून आले. तुम्ही म्हणाल, पत्र्याला आत काय असते? असते.

पुढच्या आठवड्यात तो गाडीवाला सामान घेऊन पुन्हा आला, इतका सावकाश की एक मांजर त्याला मागे टाकून गेले. बटणच्या आईने त्याला थांबवले. झाडकाकाही फाटकातून बाहेर आले.

"तुम्ही बरोबर वाचलं होतं," आई म्हणाली. "चूक आमची होती."

गाडीवाल्याने माझ्याकडे पाहिले, मग कापलेल्या फांदीच्या जागेकडे. "ताई, खरं सांगू? मला वाटलं, मला वाचताच येत नाही. त्या दिवसापासून प्रत्येक पाटी दोनदा वाचतोय." काकांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, "माझं चुकलं." एवढे बोलायला त्यांना बराच वेळ लागला.

सायकल मात्र अजून गजालाच होती. फांदी कापली म्हणून आईच्या मनातली भीती कापली जात नाही. ज्याचे जळते त्याला कळते. पाच दिवस ती शिवता शिवता खिडकीतून रस्त्याकडे बघत होती. मी बघत होते तिच्याकडे. गाड्या येत होत्या, माझ्यापाशी वेग कमी करत होत्या, जात होत्या. ती मोजत असावी. सहाव्या दिवशी चार वाजता शिवणयंत्र थांबले. बटणांचा डबा ओतल्याचा आवाज आला. साखळी खळखळली.

आईने सायकल फाटकाबाहेर आणली आणि बटणच्या हातात दिली. हातांनी बोलली, तोंडाने बोललीच नाही, पण तेवढे मलाही समजले. जा.

बटण निघाली. आई फाटकाचा गज धरून उभी राहिली. तिने एक पाऊल पुढे टाकले आणि मागे घेतले. बटण रस्त्याच्या जवळजवळ मध्यातूनच चालली होती, 'ळ' काढणारी मुले चालतात तशीच, मालकिणीसारखी. आणि तिच्या मागून एक करड्या रंगाची गाडी गल्लीत शिरली. ही गाडी मी कधी पाहिली नव्हती. आतला माणूसही अनोळखी होता.

आईने गज इतका घट्ट धरला की फाटक करकरले. हाक मारून उपयोग नव्हता.

मी माझे काम केले. चाळीस पावलांवरून त्या माणसाने मान जराशी वर केली आणि मला वाचले, पहिल्या शब्दापासून. गाडीचा वेग पडला, आणखी पडला. त्याने हॉर्न वाजवला नाही. तो बटणच्या मागे, वीस हात अंतर ठेवून, चालत्या माणसाच्या गतीने येत राहिला. वळण आले. बटण वळली, गाडी वळली. मैदानाच्या फाटकाशी बटण उतरून आत गेली, तेव्हाच तो माणूस पुढे निघाला. आपल्या मागे गाडी होती हे बटणला कळलेच नाही. आजही माहीत नाही. आई मात्र फाटकातच पायरीवर बसली आणि तिने पदरात तोंड झाकून घेतले. त्यानंतर त्या घरात दुसऱ्या घराचा विषय निघाला नाही.

मित्रांनो, मी पुन्हा पहिल्यासारखी ताठ उभी आहे आणि माझ्या कामाचा मला पहिल्यासारखाच अभिमान आहे. फक्त आता एक गोष्ट माझ्या लक्षात आली आहे. मला स्वतःला वाचता येत नाही, ते तुम्हीच करायला हवे. तुमच्याही गल्लीत माझी एखादी बहीण असेल. तिच्याखालून रोज जाता म्हणून ती दिसते असे समजू नका. कधीतरी लांब जा, खाली बसा आणि तिला पहिल्यापासून मोठ्याने वाचा. एखादा शब्द सापडला नाही, तर पाने बाजूला करा. पुढे कुणीतरी सायकलवर चाललेले असते, आणि तिला मागचे ऐकू येत नसते.